पूजेला बसलेली बंदूक

बेंबळीच्या बाजारात आज खाकी दिसली की माणसं वाट सोडून बाजूला होतात. एक काळ असा होता की खाकी दिसली की माणसं वाट अडवायची आणि गाऱ्हाणं ऐकवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाहीत. निजामाचं राज्य होतं. त्या राज्याचं कौतुक करावं असं त्यात काही नव्हतं. ज्यांनी ते अंगावर काढलं त्यांना विचारा. पण राज्य वेगळं आणि दस्तगीर जवान वेगळा.

दस्तगीर परंड्याकडचा. बाप कापूस पिंजायचा, आणि पोरानंही धनुकली हातात घ्यावी असं त्याला वाटायचं. पण पोरगं ताडमाड वाढलं, आवाज विहिरीतून यावा तसा खोल निघाला, आणि कुणीतरी त्याला पोलिसात चिकटवून दिलं. बेंबळी आणि आसपासच्या वाड्यावस्त्या ही त्याची गस्त. घोडं नाही, सायकल नाही. पायात जाड वहाणा, कमरेला सरकारी पट्टा आणि हातात तेल पाजलेली काठी. काठीच्या टोकाला तांब्याची तार गुंडाळलेली. ती दगडावर आपटली की पेठेतली माणसं म्हणायची, "आलं बघा, कोर्ट आलं."

पेठेत महालिंगप्पाचं किराणा दुकान होतं, आणि दुकानाला लागूनच घर. गस्तीवरच्या जवानाची भाकरी त्या घरची, हा रिवाज महालिंगप्पाच्या बापापासूनचा. घर लिंगायताचं, जवान मुसलमान. शिवाशिव होतीच, ती झाकून काय उपयोग? दस्तगीरची जर्मलची थाळी ओट्यावरच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची आणि तो ओट्यावरच जेवायचा. गंमत बघा, तो उंबऱ्याच्या बाहेर, पण त्याची काठी आत. महालिंगप्पाची बायको सिद्धम्मा ती स्वतःच्या हातानं घ्यायची आणि दाराच्या आतल्या कोपऱ्यात उभी करायची. "बर्री, कुंड्री," म्हणायची, म्हणजे या, बसा. काठी त्या कोपऱ्यात दिसली की पेठेनं समजायचं, जवान बसलाय, घेऊन या काय भांडणं असतील ती.

आणि माणसं यायची. एकदा कस्तुराबाई शेजारणीला दंडाला धरून घेऊन आली.

"जवान, कोंबडी माझी. अंडी घालती हिच्या कडब्यात. आन् ही भवानी म्हणती अंडी हिची!"

"मग माझा कडबा फुकटाचा हाय व्हय?" शेजारीण म्हणाली. "बाळंतपण कुणी केलं?"

दस्तगीरनं भाकरीचा तुकडा मोडला. "अंडी किती दिवसांपासून घालती?"

"दिवाळीपासनं."

"मग एक आड एक वाटून घ्या. आन् आजचं मला द्या, वादातला माल सरकारजमा."

आतून सिद्धम्मा ओरडली, "अय्यो शिवने! माझ्या ओट्यावर अंड्याचं नाव काढू नका हो!"

सगळी पेठ हसली. कस्तुराबाईही हसली, आणि हसल्यावर भांडण कुठं टिकतं? दस्तगीरला कायद्याची कलमं फारशी येत नव्हती. पण कुणाच्या मनात कुणाविषयी काय शिजतंय, हे त्याला कढीला उकळी येण्याआधी कळायचं, कारण माणसं येऊन सांगायची.

मग सत्तेचाळीसचं साल उजाडलं. शिवेपलीकडं तिरंगा लागला, अलीकडं निजाम हटून बसला. गावागावांत कुजबुज वाढली, रात्री-अपरात्री शिवेवरून माणसं ये-जा करू लागली. पावसाळा सरता सरता ठाण्याच्या अमीनसाहेबानं सगळ्या जवानांना ओळीत उभं केलं. अमीन म्हणजे ठाण्याचा मुख्य. तरणा, शिस्तीचा आणि शब्दाचा कडक.

"कल से लाठी बंद. गस्त को बंदूक लेके जाना," तो म्हणाला.

दस्तगीरनं विचारलं, "हुजूर, बेंबळी में बंदूक का क्या काम?"

"परसों सरहद पे एक जवान का सिर फोड दिए. उसके हात में लाठीच थी. तेरा सिर क्या लोहे का है?"

ते काही खोटं नव्हतं. त्या जवानाला दस्तगीर ओळखत होता. खाटेवर पडलेला बघूनही आला होता. त्यामुळं त्यानं बंदूक खांद्याला लावली. अमीननं पुढं एवढंच बजावलं की बंदूक अंगावेगळी करायची नाही. "हात से छूटी, तो पट्टा उतारूंगा." पट्टा उतरला म्हणजे घरातली चूल विझली, हे दस्तगीरला कुणी समजावून सांगायला नको होतं. घरी बायको, दोन लेकी आणि डोळे गेलेला बाप.

पहिल्या दिवशी माळावरून एकटा चालताना त्याला बंदुकीचा आधार वाटला, हेही सांगितलं पाहिजे. बाभळीच्या बनातून जाताना तो एरवी मोठ्यानं खाकरायचा. त्या दिवशी खाकरला नाही. पण गाव आलं आणि सगळं उलटं झालं. ज्या कुत्र्यांना तो नावानं हाक मारायचा ती भुंकायला लागली. पारावरची माणसं उठून घरात गेली. सिद्धम्मा भाकरी घेऊन दारात आली, खांद्यावरची वस्तू बघितली आणि तिथंच थांबली.

"ही आत न्हाय यायची," ती म्हणाली.

"आक्का, आत कशाला? माझ्यापाशीच राहील. हुकूम हाय तसा."

"मग खावा तसंच."

दस्तगीर बंदूक मांडीवर आडवी घेऊन जेवला. एका हातानं भाकरी मोडताना त्याची तारांबळ उडाली, पण कुणी हसलं नाही. समोरून कस्तुराबाई गेली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून, मान खाली घालून.

"काय कस्तुराबाई, कोंबडी बरी हाय नव्हं?"

"बरी हाय साहेब," ती म्हणाली आणि चालती झाली.

साहेब! इतक्या वर्षांत तिनं त्याला साहेब म्हटलं नव्हतं. तो शब्द त्याला शिवीसारखा लागला.

त्यानंतर गस्त मुकी झाली. तो यायचा, जेवायचा, जायचा. गुन्हे कमी झाले असं नव्हे, सांगणं बंद झालं. बंदूकवाल्यापुढं कोण म्हणेल की माझ्या भावाचं आणि माझं बिनसलंय? न जाणो, भावावर रोखली म्हणजे? म्हणूनच हिंमतराव आणि ज्ञानोबा या चुलत भावांमध्ये विहिरीवरून धुमसत होतं ते दस्तगीरला कळलं नाही. विहीर दोघांची सामाईक. एक दिवस मोट याची, एक दिवस त्याची. दोघांच्याही मिरच्या पाण्याला आलेल्या. कळायला हवं होतं, आणि कळलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दस्तगीर नेहमीप्रमाणं बेंबळीला आला. त्या दिवशी घरोघरी हत्यारं-अवजारं पूजेला बसतात. महालिंगप्पाच्या घरात ताजवा, वजनं, अडकित्ता, विळी, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं होतं. सिद्धम्मा दारात आली. या खेपेला तिच्या चेहऱ्यावर आठी नव्हती.

"आणा ती इकडं."

"काय?"

"बंदूक हो तुमची. वर्षाचं पोट जिच्यावर, तिची पूजा नको? आमचा ताजवा तशी तुमची ती."

दस्तगीरचा जीव एकदम हलका झाला. किती दिवसांनी ते दार त्याच्यासाठी उघडलं होतं! दुसऱ्या कुठल्या घरानं मागितली असती तर त्यानं दिली नसती. पण सिद्धम्मानं हात पुढं केले, अगदी पूर्वी काठीसाठी करायची तसे, आणि त्यानं काडतुसं काढून घेतली आणि बंदूक तिच्या हातात ठेवली. अमीनचा शब्द त्याला आठवला नाही असं नाही. घटकाभराची तर गोष्ट, असं त्यानं मनाला सांगितलं.

सिद्धम्मानं बंदुकीला तेल चोपडलं, दस्त्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. नळीच्या तोंडात एक फूल खोचलं. वर ताजव्याला गुंडाळलेल्या पूजेच्या दोऱ्यातच तीही गुंफली.

जेवण झाल्यावर दस्तगीर म्हणाला, "द्या आक्का, निघतो."

"उद्या न्या."

"उद्या?"

"पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याबिगर कोण उचलतंय? तुमी काय आज आलाव व्हय ह्या मुलखात?"

हे त्याला माहीत होतं. ताजवा त्या दिवशी उठत नाही, महालिंगप्पा चिमूटभर मीठ तोलून देत नाही, हे तो वर्षानुवर्षं बघत आला होता. पण ते त्यांच्या ताजव्याचं.

"आक्का, ती सरकारी हाय. तिला कुठला आलाय देव?"

"पाटावर बसली की देवाचीच."

महालिंगप्पा आतून म्हणाला, "जवान, तिच्याशी वाद घालू नका. म्या तीस वर्सं हरतोय."

दस्तगीर कपाळाला हात लावून बसला असतानाच कस्तुराबाई पळत आली. पदर ढळलेला, तोंडाला फेस. "जवान, उठा! विहिरीवर हिंमतराव कुऱ्हाड घेऊन गेलाय!"

या वेळी ती साहेब म्हणाली नाही.

भांडण असं होतं. खंडेनवमीची पाळी ज्ञानोबाची. पण त्या दिवशी मोट पूजेत, म्हणजे पाळी फुकट गेली. ज्ञानोबा म्हणे, माझी पाळी पुढं ढकला. हिंमतराव म्हणे, दिवस गेला तो गेला, पुढची माझी. ज्ञानोबा दोन्ही पोरांना घेऊन मोटेच्या धावेवर, म्हणजे बैल चालतात त्या उतारावर, आडवा बसला होता, आणि हिंमतराव घरातून कुऱ्हाड घेऊन आला होता.

दस्तगीर पळाला. खांद्यावर काही नाही, हातात काही नाही. धावेपाशी पोचला तेव्हा कुऱ्हाड वर गेली होती. मधे शिरला आणि त्याच क्षणी त्याला कुऱ्हाडीच्या पात्यावरचं ओलं हळदकुंकू दिसलं.

"हिंमतराव," तो त्या खोल आवाजात म्हणाला, "ही पाटावरनं उचललीस?"

"बाजूला व्हा जवान."

"माझी बंदूक महालिंगप्पाच्या देवापुढं बसलीय. माझा पट्टा जाईल तिच्यापायी. मुसलमान असून म्या ती उचलली न्हाय. आन् तू घरच्या देवापुढनं कुऱ्हाड उचलून आलास, ती बी चुलत्याच्या पोरावर?"

हिंमतरावानं पात्याकडं बघितलं. हळद त्याच्या बोटांना लागली होती. भर दुपारी त्या आडदांड माणसाचा चेहरा उतरला. कुऱ्हाड खाली आली. त्यानं ती ठेवली ती जमिनीवर नाही. डोक्याचा पटका सोडला, त्याची घडी केली आणि त्यावर ठेवली.

"उद्या दसरा, मोट कुणाचीच न्हाय," दस्तगीर म्हणाला. "परवा ज्ञानोबा. तेरवा हिंमतराव. कुणाला काय म्हणायचंय?"

ज्ञानोबा पोरांना घेऊन धावेवरून उठला. बंदूक खांद्यावर असती तर तो हे बोलू शकला असता का? बंदूकवाल्यानं दुसऱ्याला हत्यार ठेव म्हणायचं, त्यात काय अब्रू राहते?

पण सुखाची घटका बेंबळीला कधी लांबलेली नाही. सणाच्या बंदोबस्ताची तपासणी करत अमीनसाहेब घोड्यावरून पेठेत आला होता. जवान मोकळ्या हातानं परतताना त्याला दिसला.

"बंदूक कहां है?"

दस्तगीरनं दार दाखवलं. अमीननं उंबऱ्याबाहेरून वाकून बघितलं. वजनं, विळी, आणि मधे झेंडूच्या माळेत सरकारी बंदूक. त्याच्या ओठाचा कोपरा थरथरला. हसू होतं की राग, ते पेठेत आजही ठरलेलं नाही. बूट घालूनच तो पायरी चढू लागला तशी सिद्धम्मा चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिली.

"आक्का, सरा," दस्तगीर म्हणाला. त्याला तिचा अपमान बघायचा नव्हता. "माझ्याच हातानं उचलू द्या. पाप लागलं तर मला लागंल."

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा तो उंबरा ओलांडून आत गेला. वहाणा बाहेर काढून गेला. सिद्धम्मानं अडवलं नाही. त्यानं दोरा सोडवला, माळ पाटावर ठेवली, पाटाला हात जोडले आणि बंदूक बाहेर आणली.

हिंमतराव पुढं झाला. "साहेब, ह्यो जवान मधी नसता तर आज इथं मुडदा पडला असता."

"और बंदूक कोई उठा ले जाता, तो कितने पडते?" अमीन म्हणाला. त्याचंही खरं होतं, हे कबूल करायला हवं. मग तो दस्तगीरकडं वळला. "गस्त करेगा तो बंदूक के साथ. बोल."

"हुजूर, मेरेकू कहीं भी खडा करो. खजाने पे करो, जेल पे करो. बंदूक लेके रातदिन खडा रहूंगा. मगर गांव में ये लेके नक्को भेजो. लोगां बात नहीं करते."

अमीननं घोड्याचा लगाम हातात घेतला. पट्टा उतरवला नाही. गस्त मात्र काढून घेतली.

दस्तगीर धाराशिवला कचेरीच्या फाटकावर पहाऱ्याला लागला. खांद्याला बंदूक, नजर समोर, बोलायची मनाई. त्याच्या जागी बेंबळीला नवा जवान आला, बंदूक घेऊन. चांगला माणूस होता म्हणतात. पण त्याच्याशी कुणी चांगलं-वाईट काहीच बोललं नाही, त्यामुळं नक्की सांगता येत नाही.

मार्गशीर्षाच्या अमावास्येला येळवस आली. त्या दिवशी आमच्याकडं अख्खं गाव शेतात जेवायला जातं, बैलाला जू लागत नाही. पाळी पुन्हा बुडाली, या खेपेला हिंमतरावाची. गावात भांडण तोडायला कुणी नव्हतं. दोघं भाऊ एकाच बैलगाडीतून भांडत कचेरीला आले, कारण गाडीही सामाईक होती. फाटकाशी त्यांना दस्तगीर दिसला. दोघांचे पाय आपसूक थांबले.

"जवान, आता तुमीच सांगा," ज्ञानोबा म्हणाला.

दस्तगीर दगडासारखा उभा. आत कारकुनांची लगबग, बाहेर जमादार फेऱ्या घालतोय.

"आरं, त्यांना बोलायचा हुकूम न्हाय," हिंमतराव म्हणाला.

"मग ऐकायचा तरी हाय नव्हं?" असं म्हणून ज्ञानोबानं सुरुवात केली, हिंमतरावानं मधेच तोडलं, आणि दोघांनी त्या सरकारी फाटकात, बंदुकीच्या हातभर अंतरावर, सगळं भांडण पहिल्यापासून मांडलं. बोलून दमले तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघत बसले.

जमादार पाठमोरा झाला. दस्तगीरची नजर समोरच होती. ओठ न हलवता तो म्हणाला,

"येळवशीच्या आदल्या दिवशी पाणी कुणी घेतलं होतं, ते आधी सांगा."