अखाजीची घागर

वैशाख शुद्ध तृतीया, सन १९३८. अखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया. मी सांजोऱ्या तळत होते आणि पुण्याला शिकणारा माझा भाचा चुलीपाशी उकिडवा बसून मला क्रांती समजावून सांगत होता. त्याने आणि त्याच्या धुळ्याच्या मित्रांनी एक तरुण मंडळ काढलं होतं. अध्यक्ष कोण, यावर भांडण्यात सगळा हिवाळा गेला. आता त्यांना त्याच दुपारी आमच्या गावची विहीर सर्वांना खुली करायची होती. आजच का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, आज गर्दी असते.

गर्दी असते हे खरं. अखाजीला घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात. वर्षात कोणी गेलं असेल, तर ती घागर चुकवून चालत नाही. महारवाड्यातल्या बायका विहिरीपासून लांब उभ्या राहत. कोणाला वाटलं तर त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतायचं. या दिवशी गावातल्या प्रत्येकाला आपण फार सोवळे आहोत असं वाटतं. एरवी त्याच विहिरीच्या काठावर म्हशी धुतात.

मी त्याला म्हटलं, आज नको, आधी महिनाभर घरं फिर, बायकांशी बोल. आत्याला यातलं काय कळतं, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एक सांजोरी उचलली.

मंडळाने निवडली ती महारवाड्यातली एक विधवा. नवरा भादव्यात गेलेला, त्याची ही पहिली अखाजी. अध्यक्षांनी भाषण केलं. त्यात रशिया आला, आयर्लंड आलं, गावाचं नाव मात्र चुकलं. मग त्यांनी तिला दोर धरायला सांगितलं. तिने दोनदा मागे वळून पाहिलं आणि धरला. निंबाखाली अखाजीचा जुगार रंगला होता, तिथले पुरुष हातातले पत्ते न टाकताच उठून आले. घागर फुटली. अध्यक्षांचा सदरा फाटला, तेवढ्यावर त्यांनी धुळ्याची वाट धरली. वर्तमानपत्राला बातमी वेळेत द्यायची होती. धर्मरक्षकांनी विहिरीत गोमूत्र ओतलं, पुन्हा डाव मांडला, आणि यापुढे महारवाड्याला वरूनही पाणी ओतायचं नाही असं ठरवून टाकलं.

संध्याकाळी ती बाई आमच्या मागल्या दारी आली. रडली नाही. नवरा पाण्याविना राहिला, त्याचं काय, एवढंच तिला विचारायचं होतं.

"अक्का, घागर फुटनी ते फुटनी. पन मना धनी पानीबिगर ऱ्हायना, त्यानं काय?"

भाचा ओसरीवर कागद घेऊन बसला होता. निषेधाचा ठराव लिहितोय, म्हणाला.

"कोणाला वाचून दाखवणार? तिच्या नवऱ्याला?"

"मग काय करू, आत्या?"

"मुक्काम कर. गावात चळवळ करायची तर दुसऱ्या दिवशीही गावात असावं लागतं. तुझे अध्यक्ष जेवायच्या आत घरी पोचले."

त्याने कागदाची घडी केली. पुण्याला जायची गाडी कधी आहे, तेही त्याने विचारलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते.

वैशाखात आमच्या विहिरीचं पाणी इतकं खोल जातं की घरोघरचे दोर पोचत नाहीत. म्हणून चाक आणि लांब दोर उन्हाळाभर आमच्या घरचा असतो. याची आठवण गावाला कधी करून द्यावी लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका यायच्या आधी मी भाच्याला घेऊन विहिरीवर गेले. त्याच्याकडून दोर वर ओढून घेतला, वेटोळं करून काठावर ठेवलं आणि त्यावर बसले. पहिली आली ती पाटलांची सून. मी तिला सांगितलं, आज पहिली घागर महारवाड्याची, कालची ती विधवा आपल्या हाताने ओढेल, मग ज्याला हवं त्याने ओढावं. नाही तर नदीच्या कोरड्या वाळूत झिरे खणा आणि झिरपेल तेवढं पाणी भरा. तिने कळशी खाली ठेवली आणि सासऱ्याला सांगायला गेली. मी नवी घागर भाच्याच्या हातात दिली आणि तिला बोलवायला त्याला महारवाड्यात पाठवलं.