फांदीचं तिकीट

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी मूळची वसईची, पेशाने नर्स. कितीतरी माणसांचे डोळे या हातांनी मिटले, पण परत आलेलं कुणी पाहिलं नाही. तरीही हे लिहितेय... कारण इतकी वर्षं डोक्यात एकच भुणभुण चालू आहे आणि आता तिचा वैताग आलाय.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मेलबर्नमध्ये क्लेटनजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी वॉर्ड सांभाळत होते. कोपऱ्यातल्या खोलीत पेशंट म्हणून सिस्टर जोन होत्या, म्हाताऱ्या मिशनरी नर्स. जन्माने ऑस्ट्रेलियन, पण उमेदीची सगळी वर्षं दक्षिण आफ्रिकेत, झुलू लोकांच्या मिशन हॉस्पिटलात गेलेली. मातीच्या एका खोलीपासून ते उभं राहिलं, आसपासच्या मुली तिथेच नर्सिंग शिकल्या. मग सत्तरच्या दशकात सरकारने ते ताब्यात घेतलं आणि मिशनच्या लोकांना घरी पाठवलं. "घरी म्हणे," सिस्टर चिडायच्या. "घर तर तिकडेच राहिलं माझं."

त्या हॉस्पिटलचा इतिहास त्या सांगायच्या आणि सुट्टीच्या दिवशी मी टाइप करायचे. त्यात एक प्रकरण फांदीचं होतं. झुलू माणूस घरापासून लांब वारला की घरचं कुणीतरी काटेरी फांदी घेऊन त्याच्या खाटेपाशी येतं. झाड आपल्या बोरीच्याच जातीचं. काटेही तसेच, एक सरळ, एक वाकडा. फांदी खाटेला टेकवायची आणि हाक मारायची — चल, घरी जाऊ. मग त्याचा आत्मा फांदीत येतो म्हणे. वाटेत त्या फांदीशिवाय कुणाशी बोलायचं नाही. बसमध्ये तिचं तिकीटसुद्धा वेगळं काढायचं. मिशनने हे बंद केलं होतं, पण सिस्टर गुपचूप मागचं दार उघडून द्यायच्या.

पुस्तक छापणाऱ्या मेलबर्नच्या मिशन कमिटीने नेमकं तेच प्रकरण कापलं. मिशनच्या इतिहासात अंधश्रद्धा नको म्हणे. मेल्यावर मला तिकडे पुरा, ही सिस्टरांची विनंतीही लटकवून ठेवली. मी फोन करकरून थकले. दर वेळी तेच गोड उत्तर, "नो वरीज, बघतो आम्ही." डोंबल बघतात.

"मला इथे न्यायला कोण येणार गं?" सिस्टरांनी एकदा विचारलं.

"आधी सूप संपवा," मी म्हटलं.

एका सकाळी त्या गेल्या. दुपारी खोली पुसून झाली होती, गादी उघडी होती. कमिटीचा फोन लागत नव्हता, म्हणजे बाहेर कुणालाच अजून कळलं नव्हतं. तेवढ्यात कॉरिडॉरमधून एक उंच आफ्रिकन म्हातारी आली. डोक्यावर लाल, पसरट टोपी. हातात फांदी.

"एक्स्क्यूज मी, व्हिजिटिंग अवर्स अजून सुरू नाही झालेत," मी म्हटलं. तिने वळूनही पाहिलं नाही. काय उद्धट बाई, म्हणत मी मागे गेले. तिने फांदी गादीला टेकवली, हळू आवाजात काहीतरी बोलली. त्यातलं मला ‘जोन’ एवढंच कळलं. मग फांदी छातीशी धरून ती माझ्या शेजारून निघून गेली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. फाटकापर्यंत धावले, पण बस सुटली होती.

रिसेप्शनवर कुणी तिला पाहिलंच नव्हतं. लोक म्हणतात, असेल कुणी ओळखीची. मग तिला कळवलं कुणी? आणि माझ्या आईचं लोणचं एअरपोर्टवर कचऱ्यात टाकणारा हा देश... तिथे ती हिरवीगार फांदी आली कुठून? गादीत एक काटा राहिला होता. वाकडा.

पुढे त्या रूटचा बस ड्रायव्हर भेटला. त्याला ती चांगली आठवत होती. "मेट, तिने दोन तिकिटं घेतली. मी म्हटलं, काठीला तिकीट लागत नाही. बोलायलाच तयार नाही बाई, नुसती दोन बोटं दाखवत राहिली." ती कुठे उतरली, हे मात्र त्याला सांगता येईना.

कमिटीने सिस्टरांना मेलबर्नमध्येच पुरलं. पुस्तक निघालं, फांदीशिवाय. स्पष्टीकरण मला आजवर मिळालेलं नाही, आणि विश्वास नाही तो नाहीच. पण त्या कबरीवर मी एकदाही फुलं नेली नाहीत. तिथे कोण आहे घ्यायला?