नातं: मुलगी

सरांच्या पत्नी गौराक्कांचा फोन आला तेव्हा मी मार्ताचा नवा अर्जच तपासत होते. "मॅडम, सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. पाच आठवडे झाले त्याला. पुढ्यातला कागद तसाच राहिला... आता कुणासाठी सूट मागायची होती?

सर मूळचे कर्नाटक सीमेकडच्या वळसंग गावचे. सोलापुरात आमच्या कॉलेजात मराठी शिकवत, घरी कानडी बोलत. वर्गात भाषा शुद्ध, वर्गाबाहेर पडले की थेट वळसंगची. शेतातले जुने शब्द जमवायचं त्यांना वेड होतं. वाऱ्याला, ढेकळाला, मळणीतल्या एकेका कामाला त्यांच्याकडे वेगळं नाव असे. ते शिकायला पोलंडहून मार्ता आली, वर्षभर सरांच्याच घरी राहिली आणि व्हिसा संपल्यावर काम अर्धं टाकून परत गेली. पाठोपाठ सरांना घशाचा कॅन्सर निघाला. नियमाप्रमाणे पुन्हा यायला मार्तानं काही महिने थांबायला हवं होतं. सरांचा आवाज तेवढे दिवस टिकणार नव्हता. म्हणून त्या अटीतून सूट मागायची ठरली आणि कॉलेजच्या ऑफिसात जन्म काढलेली मी, काम माझ्या गळ्यात पडलं.

'यजमानाशी नातं' या रकान्यात मी 'विद्यार्थिनी' लिहिलं होतं. सरांनी ते खोडायला लावलं.

"मुलगी लिवा की, मॅडम."

"सर, सरकारी कागद आहे हा."

"मग खोटं कशाला लिवायचं? लेकच हाय ती."

हे अडकणार, हे मला कळत होतं. पण त्या आजारी माणसाला तोंडावर 'ती तुमची कोण?' असं कसं म्हणायचं? मुकाट्यानं टाइप केलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. मुलगी असल्यास नात्याचा पुरावा जोडावा, संशोधक असल्यास नव्यानं अर्ज करावा. सर खदखदून हसले. "पुरावा? आमच्या घरात शेंगाचटणीचा डबा कुटं असतोय, इचारा तिला!" हसता हसता खोकला उसळला आणि मग बराच वेळ त्यांना बोलताच येईना. ते आठवलं की माझा मलाच संताप येतो. ते तीन आठवडे मी घालवले, त्यांनी नाही.

परवा गौराक्कांनी सरांचा मोबाइल माझ्या हाती दिला. शेवटच्या दिवसांत सर खोलीत एकटेच बसून मार्तासाठी शब्द रेकॉर्ड करत होते. एक शब्द, त्याचा अर्थ, मग शांतता... बऱ्याच वेळानं घोगरा आवाज, "कळलं का, लेकी? फुडं जाऊ?" असं प्रत्येक शब्दानंतर.

मला रडू आवरेना. तरी हाताची खोड जात नाही. म्हटलं, "अक्का, मधल्या रिकाम्या जागा कापून पाठवते. तिला ऐकायला सोपं पडेल."

त्यांनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

"कापू नगा, मॅडम. तितं ती बोलणार हाय."