शेंगदाण्याचा लाडू

मला बघायला हिंगोलीहून पाहुणे येणार होते, तेव्हा माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: हे स्थळ मोडायचं कसं? मुलगा हळदीच्या अडतीवर कामाला, घरचं शेत, बाबा तर हरखूनच गेले होते. पण माझ्या कळमनुरीच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं, की त्याच्या तोंडात सकाळपासून गुटखा असतो आणि आता तोंड धड उघडतही नाही. मी ते बाबांच्या कानावर घातलं. बाबांच्या स्वतःच्याच गालात पुडी होती. पुडी न खाणारा नवरदेव कुठून आणू, म्हणाले, आणि विषय संपवला.

मग मीही हट्टाला पेटले. बघायला आलेल्यांना पोहे द्यायचे ही रीत. पण पोहे काय, चमच्यानं कसेही आत सरकवता येतात. म्हणून मी आदल्या दिवशी शेंगदाणे-गुळाचे लाडू वळले, चांगले कडक, आणि एकेक असा की मुठीत मावू नये. आईनं विचारलं, एवढे मोठे काहून? म्हटलं, पाहुणे मोठे आहेत.

पाहुण्यांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, चालून दाखवायला लावलं. सगळं मी मान खाली घालून निमूट केलं. मग लाडवांचं ताट पुढं केलं. नवरदेवानं लाडू उचलला, ओठांशी नेला, फिरवला, पुन्हा ओठांशी नेला. पुढचे दात नुसते गुळावर घासत राहिले. लाजून राहिला पोरगा, त्याची आई म्हणाली. मी पदराखाली हसू दाबलं.

बाबांना ते बघवेना. होणाऱ्या जावयाची लाज राखायला त्यांनी स्वतः एक लाडू घेतला.

"लाजू नका. आमच्यात असं खातेत," म्हणाले आणि आ केला.

लाडू दातांशीच अडला. बाबांनी तो तिरका केला, पुन्हा ढकलला. माझं हसू तिथंच विरलं. बाबा भाकरी नेहमी वरणात कुस्करून, काला करून खायचे; आम्हाला वाटायचं, आवड आहे. आम्हाला फिकं लागणारं कालवणही तिखट झालं म्हणून रोज आईच्या हाताला नावं ठेवायचे. अगं बाई, म्हणजे हे कधीपासून?

पाहुणे गेल्यावर आई बाबांसमोर उभी राहिली आणि आ करा म्हणाली. त्यांनी केला. तिची एकावर एक धरलेली दोन बोटंही आत जाईनात.

बाबा आरशासमोर जाऊन बसले. बराच वेळ तोंड उघडून बघत राहिले.

"असल्या तोंडाच्या माणसाला पोरगी द्यायची न्हाई," शेवटी म्हणाले.

"मला दिली तवा आमच्या घरी कुणी लाडू केले न्हवते," आई म्हणाली.

बाबांना हसू आलं. हसतानासुद्धा तोंड तेवढंच उघडलं. स्थळ मोडलं होतं, अगदी मला हवं तसं, आणि मी चुलीपाशी बसून हमसून हमसून रडत होते.