नजमाचे दोन स्वल्पविराम

नजमाच्या नवऱ्याचा, रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी मेथी निवडत बसले होते. "वर्षाताई, नजमा गेली," ते म्हणाले. "सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हनली, अन् उठलीच नाई. दुपारच्या, असरच्या नमाजनंतर नेऊन राहिलो." मेथी तशीच टाकून मी अकोल्याची बस धरली. पोचले तेव्हा घरात बायकाच बायका होत्या. कोणीतरी मला ओळखलं, पुढे जायला वाट दिली. नजमाचा चेहरा शांत होता. भुवया मात्र किंचित जवळ आलेल्या... वही तपासताना यायच्या तशा. आज या गोष्टीला सहा आठवडे होऊन गेलेत.

अकोल्याच्या एका खासगी शाळेत आम्ही दोघींनी जवळजवळ सगळी नोकरी केली. ती इंग्रजी शिकवायची, मी मराठी. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून तिच्यासाठी 'वर्षाताई'. आणि ती माझ्यासाठी पहिल्या महिन्यातच नुसती 'नजमा' झाली. ती मूळची दर्यापूरची. वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. मशीनबरोबर इंग्रजीत छापलेलं माहितीपुस्तक यायचं आणि वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. सहावीतली नजमा शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचायची आणि अर्थ सांगायची. वडिलांची एक अट होती. "जिथं टिंब आलं तिथं थांबायचं. मी तेवढं काम करतो, मंग पुढचं वाच." पूर्णविराम म्हणजे एक काम पुरं झालं, हे ती व्याकरणाच्या पुस्तकातून शिकली नव्हती. बापाच्या हातातला पाना थांबला की तिला ते कळायचं.

आमच्या शाळेत भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्या घरांतली मुलं बरीच. इंग्रजी निबंध म्हटला की पहिल्या ओळीला सुरू झालेलं वाक्य 'अँड अँड' करत पानाच्या तळाशीच संपायचं. नजमा रागवायची नाही. "काहून रे बाप्पा, इंग्रजी लिवून राह्यला का सोयाबीन पेरून राह्यला? मधात चालाले वाट तं ठेव," असं म्हणायची, आणि वर्ग हसायचा. ती वहीत चुका दुरुस्त करून देत नसे. ज्या ओळीत विरामचिन्हं राहिली असतील त्या ओळीसमोर समासात पेन्सिलीनं फक्त आकडा लिहायची. दोन म्हणजे या ओळीत दोन चिन्हं चुकलीत, शोध. मुलं डोकी जुळवून शोधत बसायची. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता 'इथं कॉमा का नाही' यावर दोन पोरांना भांडताना मी स्वतः पाहिलंय. मराठीच्या तासाला माझ्या वाट्याला असं भांडण कधी आलं नाही.

रफिकभाईंचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. नवी पाटी रंगवून आली तेव्हा पेंटरनं 'मॅट्रेसेस'मधल्या शेवटच्या एसच्या आधी वरती अपॉस्ट्रॉफीची एक शेपटी काढून ठेवली होती. गावातल्या अर्ध्या पाट्यांवर ती असते. "गाद्या विकून राह्यले का गादीच्या मालकीचं काही विकून राह्यले?" असं म्हणत नजमा स्वतः स्टुलावर चढली आणि ब्लेडनं ती खरवडून काढली. रंगाचा एक पांढुरका डाग तिथं बरीच वर्षं होता. रफिकभाई गिऱ्हाइकांना तो कौतुकानं दाखवायचे.

तिचा हा काटेकोरपणा कधी कधी टोचायचाही. माझ्या मुलानं पुण्याहून तिला वाढदिवसाच्या शुभेच्छांबद्दल 'थँक यू आंटी' असा मेसेज पाठवला. उत्तर आलं, 'यू'नंतर स्वल्पविराम. पोरगं वर्षभर तिला काही लिहीना. मी हे तिला सांगितलं. "जास्तच झालं का, वर्षाताई?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी तिनं त्याला फोन केला आणि अर्धा तास क्रिकेटवर बोलली, ज्यातलं तिला काडीचंही कळत नव्हतं.

पण हा काटेकोरपणा तिच्यात आला कुठून, हे शाळेत फक्त मला पुरतं ठाऊक होतं. आता ती नाही, तेव्हा सांगायला हरकत नसावी.

ती नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, अजून कायम झाली नव्हती. नववीच्या सव्वीस मुलींची सहल गुरुकुंज मोझरीला गेली. परत निघताना तीन मुली कोणाला न सांगता बांगड्या घ्यायला गेल्या. त्यांना शोधण्यात दोन तास गेले, घरी पोचायला उशीर झाला, पालक चिडले. संस्थेच्या अध्यक्षांना इंग्रजीत अहवाल लागायचा. मुख्याध्यापकांनी तो नजमाला लिहायला सांगितला. तिनं लिहिला आणि मला वाचून दाखवला. 'त्या मुली ज्या गट सोडून गेल्या त्यांच्यावर कारवाई व्हावी' अशा इंग्रजी रचनेचं एक लांब वाक्य त्यात होतं. मी मराठीची बाई. मला वाटलं, वाचताना दम लागतोय. म्हटलं, "अगं, 'मुली'नंतर जरा श्वास घ्यायला जागा ठेव. आणि 'सोडून गेल्या'नंतरही." तिनं दोन्हीकडे स्वल्पविराम टाकले. इंग्रजीत त्या दोन चिन्हांनी अर्थच फिरला. आता वाक्य सांगत होतं की मुलींवर कारवाई व्हावी, त्या गट सोडून गेल्या होत्या. म्हणजे सगळ्याच.

आठवड्यानं संस्थेचा आदेश आला, सव्वीसही मुलींना सहामाही परीक्षेला बसू देऊ नये. शाळेत कल्लोळ झाला. नजमानं अहवालाची प्रत काढून वाचली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तशीच उठून ती मुख्याध्यापकांकडे गेली. मीही मागोमाग गेले.

"सर, चूक माझी आहे. दोन कॉमे चुकलेत."

"कॉमे कोण वाचतं मॅडम?" सर म्हणाले. "तीन नावं तोंडी कळवू, हळूहळू मिटून जाईल. तुम्ही अजून कायम नाही. कशाला कागदावर चूक कबूल करून राहिल्या?"

"कागदावर केली, तर कागदावरच कबूल करावी लागेल ना, सर."

तिनं दुसरं पत्र लिहिलं. आधीचं वाक्य, दुरुस्त केलेलं वाक्य आणि दोघांच्या अर्थातला फरक, असं सरळ मांडलं, खाली सही केली आणि ते घेऊन स्वतः अध्यक्षांच्या घरी गेली. आदेश मागे घेतला गेला. तिचं कायम होणं मात्र एक वर्ष पुढे ढकललं गेलं. माझं नाव तिनं कुठेही घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुमी तं श्वासाचं बोलल्या. इंग्रजी तुमाले कुठं येते? लिवलं मी." मग म्हणाली, "वर्षाताई, कॉमा दमेकऱ्यासाठी नसते. कोनाबद्दल बोलून राह्यलो, ते सांगासाठी असते."

पण तेवढ्यानं भागलं नव्हतं. शुभांगी नावाची एक हुशार मुलगी शाळेत यायचीच थांबली होती. बांगड्यांच्या दुकानाकडे ती फिरकलीही नव्हती. तिच्या घरचे गावाबाहेर वांगी-भेंडी लावायचे. आम्ही दोघी तिथे गेलो. वडील वांग्यांच्या ओळीत खुरपत होते. उठले नाहीत. "मॅडम, कागदावर तं माही पोरगी पयाली असं लिवलं हाये. गावभर झालं. आता घरीच राहू द्या तिले."

नजमा चपला काढून त्या ओळीत उतरली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "भाऊ, ते मीच लिवलं. चूक माही हाये, पोरीची नाई. तुमी म्हनसान तिथं येऊन सांगतो."

त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "चार लोकाईत सांगसान?"

त्या रविवारी भाजी बाजारात, त्यांच्या दुकानासमोर, जमलेल्या नातेवाईकांपुढे नजमानं ते सांगितलं. बाजूला उभी राहून मी ऐकत होते, आणि पुढे होऊन 'ते मी सुचवलं होतं' म्हणायचं धाडस मला झालं नाही. ते तिथंच राहून गेलं... नजमानं त्याबद्दल मला कधी एक शब्दही ऐकवला नाही. सोमवारी शुभांगी शाळेत आली. ती पुढे परिचारिका झाली. नजमाला न्यायच्या दिवशी ती बायकांत बसलेली दिसली. आम्ही एकमेकींचे हात धरले.

चाळिसावा झाल्यावर रफिकभाईंनी मला पुन्हा बोलावलं. नजमाची पुस्तकं त्यांना शाळेला द्यायची होती. त्यासाठी त्यांनी काचेच्या दारांचं लोखंडी कपाट घेतलं होतं आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी रंगवायच्या होत्या. शाळेच्या वाचनालयात पेंटर रंग कालवून बसला होता. रफिकभाईंनी खिशातून कागद काढला. 'इन मेमरी ऑफ नजमा शेख', आणि पुढे, 'जिनं इथं इंग्रजी शिकवलं' अशा अर्थाचे चार शब्द.

"ताई, नावानंतर कॉमा येते का नाई?" त्यांनी विचारलं. "मी दोन दिवसांपासून पाहून राहिलो. दोन्ही बराबर वाटते."

मी कागद हातात घेतला. कोणाला फोन करावा, असं मनात आलं. या प्रश्नासाठी फोन करायचं माणूस एकच होतं. मग मीच खुर्चीवर बसले आणि विचार करू लागले. स्वल्पविराम नसेल, तर वाक्य म्हणतं की नजमा शेख अनेक असतील, त्यातली ती, जिनं इथं शिकवलं. स्वल्पविराम असेल, तर नाव घेतल्याबरोबर माणूस कळलं. शिकवलं, ही पुढची हकीकत. मला सव्वीस मुली आठवल्या, आणि वांग्यांच्या ओळीत उकिडवी बसलेली ती.

"येतो," मी म्हटलं. "नावानंतर टाका."

"पक्कं ना? चुकलं तं ती..." रफिकभाई थांबले.

"पक्कं. मी सांगितलं म्हणून टाका. माझ्या नावावर."

पेंटरनं बारीक ब्रश घेतला आणि 'शेख'च्या पायाशी तो काढला. शेपटी जरा लांब झाली. रफिकभाईंनी वाकून पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं. "कमी करा थोडी," ते म्हणाले. पेंटरनं कापडाच्या टोकानं ती पुसली, नीट केली. रंग ओला होता. तो वाळेपर्यंत आम्ही तिघंही कपाटासमोर उभे राहिलो.