वेदचे दात मीच घासले होते

डॉक्टरबाईंनी माझ्या नातवाची हनुवटी दोन बोटांत धरली. हातात रबरी मोजा. दुसऱ्या हातात माईक.

"तोंड उघड बाळा. अजून मोठं. हं, आता सगळ्यांनी बघा."

सगळ्यांनी बघितलं. पुढचे चारही दात काळे, हिरडीपर्यंत झिजलेले. मागून कुणीतरी मोबाइल वर केला.

गावात सुदृढ बालक स्पर्धा होती. मी मांडवात पुढेच बसले होते. मांडीवर पहिला नंबर. वेद. मोठ्या गल्लीतल्या ज्या घरी मी कामाला जायचे, त्या घरचा. त्याच्या आईच्या, म्हणजे भाभींच्या, नव्या साडीवर लाळ नको, म्हणून बक्षिसाची वेळ येईपर्यंत तो माझ्याकडे. माझ्या नातवाला, रोहितला, अंगणवाडीच्या ताईने भिलाटीतून, आमच्या भिल्लांच्या वस्तीतून, वजनाला आणलं होतं. वजन झाल्यावर बाकीची पोरं परत पाठवली, त्याला ठेवून घेतलं. कशाला, ते आता कळलं.

"याच्या घरचं कोण आहे?"

मी उठायला लागले. भाभींनी मागून पदर धरला. "मावशी, आत्ते उठू नका. फोटो काढाना शे."

मी उठले. वेद कडेवर तसाच.

"तो मन्हा नातू शे."

डॉक्टरबाईंनी माझ्या कडेवर बघितलं. "आणि हा?"

"दोन्हीस्ले मीच सांभाळस."

"मग आजी, एकालाच का नीट सांभाळता?"

मांडव हसला. भाभीसुद्धा हसल्या. माईक पुढे गेला.

उत्तर माझ्याजवळ होतं. तिथे ते ऐकायला कुणी थांबलं नाही. इथे लिहिते.

दोघं एकाच पावसाळ्यातले. अडीच वर्षांचे. वेदचं सगळं माझ्या हातात होतं. मला कामाचा क्रम लागतो, एक झालं की दुसरं. उठला की म्हशीचं दूध. आंघोळीनंतर तूप घालून खिचडी. मग मळ्यातलं केळं. दुपारी भिजवलेले बदाम वाटून. संध्याकाळी निघायच्या आधी त्याचे दात घासायचे, अस्वलाचं चित्र असलेल्या छोट्या ब्रशने. पेस्टला आंब्याचा वास. एकेक दात तांदळासारखा पांढरा.

रोहितचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत. मी कामावर. घरी माझी सासू, तिला नीट दिसत नाही. ती त्याला काळा चहा द्यायची, साखर घालून, दुधाच्या बाटलीत. रडला की पुन्हा तोच. भूक लागली की बिस्किट, कारण भिलाटीच्या टपरीवर तेच मिळतं. गावात दूध आहे, पण ते पहाटेच डेअरीच्या टेम्पोत जातं. नळ मोठ्या गल्लीत. आमच्याकडे हातपंप, तो होळीनंतर नुसता वाजतो. अंगणवाडी त्यांच्या मंदिराजवळ. मध्ये हायवे. सासूने पोराला घेऊन तो ओलांडायचा कसा?

एकालाच नीट सांभाळते, कारण त्या एकालाच सांभाळायला मला ठेवलंय. एवढं साधं उत्तर.

खरं तेही सांगते. मला वेदचा हेवा वाटायचा. अडीच वर्षांच्या पोराचा. त्याच्या मांडीला वळ्या पडायच्या, त्या पुसताना माझा हात जड व्हायचा. ताटलीत घास उरला की भाभी म्हणायच्या, "म्हशीले टाकी द्या." मी टाकायचे. म्हशीचाही हेवा करायचे. एकदा त्याचे दात घासताना मनात आलं, याचा एक तरी दात किडावा. एकच. माझी मलाच भीती वाटली. मी अजून हळू घासलं.

स्पर्धेहून घरी येताना शेजारणीने हाक मारली. "काय व, तुन्हा वेद पहिला उना ना? पेढा तं दे!" ती गमतीने म्हणाली. माझ्या खांद्यावर रोहित झोपलेला. पिसासारखा हलका. तेव्हा मला समजलं, पहिला नंबर माझाच होता. मी कमावून त्यांच्या घरात ठेवून आले होते.

दुसऱ्या सकाळी रोहितला घेऊन कामावर गेले. वेदच्या शेजारी बसवलं. खिचडी दोन ताटल्यांत वाढली.

"मावशी, याले काब्र लई उन्यात?" याला का आणलं, भाभींनी विचारलं.

"त्यालेबी खावानं शे."

"हाई काय अंगणवाडी शे का?" मग जरा हळू, "त्याना दात दखा. मन्हा पोऱ्याले काही लागी गया म्हंजे?"

रोहितच्या तोंडात घास होता. मी त्याला तो गिळू दिला. ताटली घासून पालथी ठेवली. वेदने माझ्या लुगड्याला हात घातला, तो सोडवला. त्याचा काही दोष नाही. सोडवताना त्रास झाला. पण सोडवला.

आता मी शेतात तण निंदायला जाते. रोहित बांधावर असतो. काळा चहा बंद. बाटली मी चुलीत घातली. दात परत पांढरे होणार नाहीत, मला माहीत आहे. नवे येतील, त्यांच्यावर माझी नजर आहे.

बायकांना घेऊन दोनदा ग्रामपंचायतीत गेले. भिलाटीत अंगणवाडी पाहिजे, हायवेच्या अलीकडे. नळ पाहिजे. "बघू," म्हणाले. तिसऱ्यांदा जाणार आहे. पोरं सोबत नेणार आहे.

परवा अंगणवाडीची ताई आली होती. यंदाच्या स्पर्धेला पोरं पाठवा म्हणाली.

बाकीच्या बायांचं त्या सांगतील. मी माझं सांगितलं. आमच्या गल्लीत पाणी आणि दूध येईपर्यंत माझ्या पोराचं तोंड कुणी माईक धरून उघडायचं नाही. आणि त्यांच्या पोराच्या तोंडात घास घालायला माझा हात जाणार नाही.

हेवा वाईट, असं मला लहानपणापासून सांगितलंय. मी तो सोडणार नाही.