घोटिंगाच्या ढोलीतलं गरूड

लग्न होऊन जामसंड्याला आले त्यानंतर चैत्रात मी एकदाही माहेरी गेले नव्हते. चैत्रात आमच्याकडे आंबा उतरतो. आंबा उतरताना घरातली बाई हलली तर पेट्या कोण भरणार? यंदा मुलाने बाग कराराने दिली आणि मला काम उरलं नाही. तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

"आत्ये, घोटिंगात गरूड बसला हा. तुका बघूचा होता मां? ये."

घोटिंग म्हणजे बेहड्याचं झाड. गरूड म्हणजे पुस्तकातला धनेश, मोठ्या पिवळ्या चोचीचा, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखा. आमच्याकडे त्याला गरूडच म्हणतात. मी दोन लुगडी पिशवीत घातली आणि सकाळच्या गाडीला बसले.

कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं आणि म्हणाला, "आजी, वय किती?"

"त्र्याहत्तर."

"आणखी दोन वर्सां काढा, मगे फुकट."

"तवसर तुजी गाडी टिकात?" मी विचारलं. मागचे दोघे हसले.

कणकवलीला गाडी बदलली. शेजारी पणदूरकडची एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर फटाक्यांची पिशवी होती. कुणाचं लग्न म्हणून विचारलं तर म्हणाली, "लगीन खंयचा? वांदरांका उडवक." तिच्या काजूच्या बागेत वांदरांचा कळप बसतो, बोंडं ओरबाडतो आणि बी खाली टाकतो. गेल्या साली गव्याने भाताचा तरवा (लावणीची रोपं) तुडवला. तिला मी सांगितलं की मी गरूड बघायला चालले आहे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"तुमका बरी सवड आसा," ती म्हणाली.

तिचं चुकलं नाही. रानातल्या सगळ्या जनावरांवर माझंही प्रेम नाही. वांदर मला आवडत नाही, मुंगूस कोंबड्या नेतं म्हणून आवडत नाही, घोरपड बघितली की अंगावर काटा येतो. पण आठ वर्षांची असताना मी आमच्या परड्यात घोटिंगाखाली गाय बांधायला जायचे, तिथे एकदा जमिनीवर बियांचा सडा दिसला. वडाच्या, काजऱ्याच्या, कसल्या कसल्या बिया, आणि त्यात पांढरी शीट. वर पाहिलं तर खोडाला ढोली, ढोलीचं तोंड मातीने लिंपलेलं, फक्त बोटभर फट. त्या फटीतून एक चोच बाहेर आली. मी गाय सोडून पळत घरी गेले आणि गाय मसणवटीत जाऊन चरत बसली म्हणून मार खाल्ला. तो मार मला चालला. त्यानंतर दर चैत्रात मी तिथे जायचे, लग्न होईपर्यंत.

कुडाळला दुपारी पोचले. वालावलीला जाणारी गाडी तासाने होती. ऊन असं की फलाटाच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. वालावलीच्या देवळाजवळ उतरले तेव्हा तळ्यात खंड्या (किंगफिशर) सूर मारत होता आणि भाचा संदेश मोटरसायकल घेऊन उभा होता. पस्तिशीचा गडी, पण आत्याला मागे बसवून चालवताना घाम फुटला त्याला. आमची वाडी तिथून नदीच्या अंगाने पुढे आहे.

घरी वहिनीने कोंबडी आणि वडे केले होते. माझा भाऊ वसंत माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याने स्वतः माझ्या ताटात दुसऱ्यांदा रस्सा वाढला. गेल्या चाळीस वर्षांत त्याने मला पाणीसुद्धा वाढलं नव्हतं. मी जेवले. रस्सा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संदेशने मला परड्यात नेलं. झाडापासून थोडं लांब हिरव्या जाळीची खोप बांधली होती. आत पुण्याचं एक जोडपं आधीच बसलं होतं, नवऱ्याकडे हातभर लांब नळीचा कॅमेरा. संदेश त्यांच्याशी शुद्ध मराठीत बोलत होता. मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते, अंडी घालते, तिची पंखांची पिसं आत गळून जातात, तिला उडता येत नाही, आणि नर तीन महिने तिला फटीतून भरवतो. मरेपर्यंत एकच जोडी.

"किती गोड ना, आजी?" पुण्याची बाई मला म्हणाली.

"तीन महिने न्हाणीघरात कोंडून घ्या आणि यांना फटीतून जेवण द्यायला सांगा. मग सांगा गोड आहे का."

नवरा हसला. ती हसली नाही.

मग आवाज आला. भात्यातून वारा सुटावा तसा, ह्वां ह्वां ह्वां. नर आला. काळा पाठीकडून, पोट पांढरं, शेपटीच्या कडा पांढऱ्या. घोटिंगाला नवी तांबूस पालवी फुटली होती, तिच्यात तो उतरला. ढोलीपाशी खोडाला नख्या रोवून बसला, मान मागे टाकली, आणि घशातून एक वडाचं तांबडं फळ वर आणून चोचीच्या टोकावर धरलं. आतून चोच आली. फळ गेलं. मग दुसरं. मी मोजली नाहीत. इतक्या मोठ्या चोचीने तो एवढंसं फळ असं धरत होता, जसं सोनार मणी धरतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण मी हलले नाही, पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी. पासष्ट वर्षांपूर्वी जे पाहिलं होतं ते मी नीट पाहिलं होतं, एवढी माझी खात्री झाली. म्हातारपणी अशी खात्री फार कमी गोष्टींची होते.

नर उडाल्यावर मी झाडाजवळ गेले. खोडावर छातीच्या उंचीला तांबड्या रंगाचा आकडा लिहिलेला होता. शेजारच्या फणसावर, आंब्यावरही.

"ह्यां काय रे?"

संदेश पुण्याच्या पाहुण्यांकडे बघत राहिला. "बाबांका विचार," म्हणाला.

वसंताला विचारायची वेळ आली नाही. तो कागद घेऊन ओसरीवर बसलाच होता. झाडं तोडून परडं मुंबईच्या माणसाला हॉटेलासाठी द्यायचं ठरलं होतं. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, म्हणून हक्कसोडीवर माझी सही हवी. आलेल्या पैशातून संदेश घराच्या मागे दोन खोल्या बांधणार होता, संडास आत.

"खोल्ये कोणासाठी?" मी विचारलं.

"पाव्हण्यांसाठी. पक्षी बघूक येतत ते," वसंत म्हणाला. मस्करी करत नव्हता तो.

"आणि पक्षी खंय बसतलो?"

"रान काय कमी आसा काय गो, बाय? तू हयसर ऱ्हवतस काय? तुका त्या परड्याचा काय करूचा आसा?"

त्याचंही खरं होतं. मला परड्याचं काही करायचं नव्हतं. सही मी करणारच होते, कधीतरी. बहिणी करतात. पण मादी आत होती. मी म्हटलं, "गरूड बाहेर इल्याशिवाय झाडाक हात लावूचो नाय. ता बाहेर इला की सही करतंय. पावसात येतंय परत."

वसंत म्हणाला, "देवाकडे बोलतंस?"

"बोलतंय."

आमच्याकडे शब्द पक्का करायचा तर देवळात गाऱ्हाणं घालतात. देवासमोर नारळ ठेवून गुरव मोठ्याने मागणं मांडतो आणि बाकीचे होकार देतात. संध्याकाळी आम्ही रवळनाथाच्या देवळात गेलो. गुरवाने म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घोटिंगात गरूड बसला हा, ता बाहेर येयसर झाडाक लोखंड लागाचा नाय."

"व्हय म्हाराजा," वसंत आणि संदेश म्हणाले.

"आणि ता बाहेर इल्यार ही घरची लेक कागदार सही करीत."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. समाधानाने म्हटलं. मला वाटलं होतं मी तीन महिने मिळवले.

तिसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. सकाळी नदीवर गेले. पाण्यात हुदाचं (पाणमांजराचं) जोडपं मासा ओढत होतं, ते बघत बसले. परत आले तर वसंत अंगणात हात धूत होता. बोटांना माती होती.

"बाय, गरूड बाहेर इला," तो म्हणाला.

मला समजायला वेळ लागला. मी परड्यात गेले. घोटिंगाला शिडी लावलेली होती. ढोलीचं लिंपण फोडलेलं, तोंड उघडं. खाली बियांच्या सड्यात मादी बसली होती. पंखांच्या जागी नुसते खुंट. ती उडायला जात होती आणि चोचीवर आपटत होती. तिच्याजवळ एक अंडं फुटून पसरलं होतं.

"लोखंड लावक नाय हा," मागून वसंत म्हणाला. "बांबूच्या काठयेन मोकळा केलंय. तिका लागाचा नाय म्हणान हळू केलंय. बघ, जिती आसा."

त्याला खरंच वाटत होतं की त्याने शब्द पाळला. चेहऱ्यावर लबाडी नव्हती. लबाडी असती तर बरं झालं असतं, मला शिव्या घालता आल्या असत्या.

"तिचे पाख खंय आसत रे?" मी म्हटलं. "संदेशान सांगूक नाय तुका? पुण्याच्या लोकांका रोज सांगता तो."

वसंताने संदेशकडे पाहिलं. संदेश म्हणाला, "बाबा, माका विचारूचा तरी." मग तो मादीला पोत्यात गुंडाळून शिडीवर चढला. तिने त्याचा हात फोडला. मी खाली शेण-माती कालवून दिली, आयुष्यभर जमीन सारवलेली आहे मी, मिश्रण मला कळतं. त्याने फट ठेवून तोंड लिंपलं. नर आला, घसा फळांनी फुगलेला. फणसावर बसला. ढोलीकडे गेला नाही. दुपारपर्यंत ओरडत राहिला.

संदेशने वनखात्याला फोन लावायला मोबाइल काढला. वसंत म्हणाला, "केस होतली." संदेशने मोबाइल खिशात ठेवला. मीही लाव म्हटलं नाही. सख्ख्या भावावर केस घालायला माझा हात पुढे झाला नाही. हे मी लपवत नाही.

मी एक दिवस जास्त राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंपण आतून ढकललेलं होतं आणि झाडाखाली काळी पिसं पडली होती. कुत्र्याने नेली की आणखी कशाने, कोणी पाहिलं नाही.

वसंताने कागद पुढे केला. पेन उघडून दिलं. "देवाच्या पायरीर बोललंस तू."

"बोललंय. आता मोडतंय. देवाक माजा नाव सांग."

"माजो शब्द मी पाळलंय, बाय."

"पाळलंस. माका ठावक आसा."

तो उठून आत गेला. मी निघाले तेव्हा बाहेर आला नाही. वहिनी दरवाजात उभी होती. दरवेळी पिशवीत तांदूळ आणि सोलं घालते, या वेळी हात पदराखाली होते. संदेशने स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत तो एवढंच म्हणाला, "आत्ये, आता हडे येव नको. मीच फोन करीन." फोन अजून आलेला नाही.

जामसंड्याला मुलाने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, मामाची चूक. मामाची चूक आहेच. पण अट माझी होती. वसंताने कागद काढला त्याच क्षणी मी "सही करणार नाही" म्हटलं असतं, तर भांडण झालं असतं, पुढच्या ताटातली कोंबडी गेली असती, माहेर तर आताही गेलंच. मादी आत बसून राहिली असती. मला भावाला सरळ नाही म्हणवलं नाही, म्हणून मी सगळं गरुडाच्या बाहेर येण्यावर ढकललं. त्याने तेवढंच उचललं.

झाड उभं आहे. सातबाऱ्यावर माझं नाव आहे. मी जिवंत असेपर्यंत ते तुटणार नाही, आणि आत कोणी नाही.